रास्पबेरी पाय आणि घरचं वर्कशॉप: पहिल्या एलईडीपासून कपाटातल्या पंख्यापर्यंत

माझ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात राउटर, दोन पॉवर सप्लाय आणि ड्रिलच्या बॅटऱ्यांचा चार्जर असा सगळा संसार कोंबलेला आहे. एप्रिलमध्ये दुपारी दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी धग अंगावर यायची, आणि अशाच एका दुपारी राउटरने मान टाकली. मग कपाटाच्या पाठीला भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा बसवला. तो कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, हे काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे सोपवलं.

हाच पंखा धरून आपण पुढे जाऊ. आधी एक एलईडी, मग तापमानाचा सेन्सर, मग पंखा, आणि शेवटी हे सगळं महिनोनमहिने चालू ठेवण्याची कटकट. प्रोग्रॅमिंग थोडंफार येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी या कामापुरतं पायथन दोन रविवारांत येतं. नवख्या माणसाला सहसा प्रोग्रॅम अडवत नाही. अडवतात ते चार्जर, मेमरी कार्ड आणि सैल वायर, म्हणून त्यांच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे.

एक घोळ आधीच मिटवतो. मराठीत आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पिनांनाही आपण पाय म्हणतो. त्यामुळे ‘पायचे पाय वाकलेत’ असं म्हटलं की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या चपलांकडे. म्हणून इथे रास्पबेरी पायला ‘बोर्ड’ म्हणतो आणि पिनांना पिनाच.

संगणक खरंच हवा आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, पैसे वाचतील. आर्डुइनो उनो, ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको ही बोर्डं दिसायला याच कुळातली, पण ते मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यांच्यात एकच प्रोग्रॅम असतो, वीज आली की तो लगेच सुरू होतो, आणि वीज कशीही खेचली तरी त्यांचं काही बिघडत नाही. पिकोच्या नावात ‘रास्पबेरी पाय’ आहे म्हणून फसू नका, तोही मायक्रोकंट्रोलरच. याउलट रास्पबेरी पाय ४ किंवा झिरो २ डब्ल्यू हे पूर्ण संगणक आहेत. त्यांच्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, फाइली असतात, नेटवर्क असतं, एका वेळी दहा कामं चालतात. ते सुरू व्हायला अर्धा-पाऊण मिनिट घेतात आणि नीट बंद करावे लागतात.

खरं सांगायचं तर ‘गरम झालं की पंखा लाव’ एवढ्यासाठी संगणकच काय, मायक्रोकंट्रोलरही लागत नाही. तयार थर्मोस्टॅटचं छोटं बोर्ड मिळतं, त्यावर दोन-तीन बटणं आणि लाल आकडे असतात. तुम्हाला तेवढंच हवं असेल तर ते घ्या आणि हा लेख इथेच सोडा. मला तापमानाची नोंद ठेवायची होती, फोनवर आलेख बघायचा होता, आणि पुढेमागे त्याच बोर्डाला कॅमेरा जोडायचा होता. असं काही मनात असेल तर संगणक कामाचा.

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ला बाजारात आला. केंब्रिजमध्ये एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुलांनी प्रोग्रॅमिंगकडे वळावं म्हणून केला होता. मुलांच्या हातात द्यायचा म्हणून तो स्वस्त, आणि बाहेरचं काहीही जोडता यावं म्हणून त्याच्या पिना उघड्या. त्या उघड्या पिनांमुळेच तो शाळेपेक्षा वर्कशॉपात जास्त रमला असावा, असं मला वाटतं.

ऑरेंज पाय, बनाना पाय, ओड्रॉइड अशी इतरही बोर्डं आहेत, काही जास्त ताकदीची आणि स्वस्तही. बीगलबोन ब्लॅकमध्ये तर अॅनालॉग व्होल्टेज वाचायची सोय मुळातच आहे, जी रास्पबेरी पायमध्ये नाही. तरीही पहिलं बोर्ड रास्पबेरी पायच घ्या. अडलात तर तुमच्याआधी त्याच जागी हजार जण अडलेले असतात, हे त्याचं एकमेव पण मोठं कारण.

काय विकत आणायचं

रास्पबेरी पाय ४, दोन जीबीचा, या कामाला पुरून उरतो. जुना रास्पबेरी पाय ३ कुणी देत असेल तर तोही चालेल. झिरो २ डब्ल्यू छोटा आणि स्वस्त, पण तो बहुतेकदा पिनांची पट्टी न जोडता येतो. म्हणजे सुरुवातच ४० डाख (सोल्डर) देण्यापासून, आणि पहिल्या दिवशी हात तेवढा बसलेला नसतो. रास्पबेरी पाय ५ला चांगला पुरवठा लागतो, तो तापतोही जास्त. कपाट थंड करायला तोच आत ठेवणं म्हणजे आगीवर फुंकर घालणं झालं.

स्क्रीनची वायर बघून घ्या. रास्पबेरी पाय ३ला नेहमीची एचडीएमआय लागते, झिरोला मिनी, आणि ४ व ५ला मायक्रो. शनिवारी संध्याकाळी बोर्ड आणून वायर बसत नाही म्हणून रविवार फुकट घालवलेले लोक मला माहीत आहेत. त्यात मीही आहे.

याशिवाय ब्रेडबोर्ड (डाख न देता वायरी खोचून सर्किट जोडायची पाटी), जंपर वायरी (दोन्ही टोकांना टोपी असलेल्या आणि एका टोकाला काडी असलेल्या, दोन्ही आणा), एक-दोन एलईडी, ३३० ओहमचे आणि ४.७ किलोओहमचे रेझिस्टर, डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, यूएलएन२००३ ही आयसी, आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं तासाभरात जमतं. सेन्सर स्टीलच्या टोपीत, मीटरभर वायरीसकट मिळतो, तोच घ्या. आयसी दोन घ्या. स्वस्त आहे, आणि एक उलटी बसवून जळणार आहे.

चार्जरवर कंजुषी नको

रास्पबेरी पाय ४ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. ‘माझ्याकडे फोनचा चार्जर आहे की’ असं प्रत्येक जण म्हणतो. गडबड बऱ्याचदा चार्जरमध्ये नसून त्याच्या बारीक वायरीत असते. हिशेब करून बघा. वायरीचा जाण्यायेण्याचा मिळून रोध ०.३ ओहम असेल आणि बोर्ड १.५ अँपिअर ओढत असेल, तर वाटेतच ०.४५ व्होल्ट गळतात. चार्जरकडून ५ निघाले, बोर्डाला ४.५५ मिळाले. ४.६३च्या आसपास खाली गेलं की बोर्ड तक्रार करतं, स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते, आणि ते स्वतःचा वेग कमी करतं. अधिकृत चार्जर ५.१ व्होल्टचा असतो आणि त्याची वायर जाड, पक्की जोडलेली असते, ती या गळतीसाठीच.

स्क्रीन न लावता चालवत असाल तर ती वीज दिसणार नाही. मग मल्टिमीटर काढा. पण मीटरच्या टोकदार सळया थेट पिनांमध्ये खुपसू नका. टोपी असलेल्या दोन जंपर वायरी २ आणि ६ क्रमांकाच्या पिनांना लावा आणि त्यांची दुसरी टोकं मीटरला जोडा. बोर्ड निवांत असताना ५.०५ दिसेल. मग काहीतरी जड काम द्या, चार-पाच टॅब उघडून व्हिडिओ लावा. आकडा ४.७च्या खाली डोकावला तर वायर बदला. ‘अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो’, ‘वायफाय तुटतं’, ‘कार्ड खराब झालं’ या तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ मी स्वतः दोनदा याच ठिकाणी पाहिलं आहे.

कार्ड तयार करणं

३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं मायक्रोएसडी कार्ड पुरतं. स्वस्त म्हणून नकली कार्ड गळ्यात पडतं. वर ६४ लिहिलेलं असतं आणि आत ८ निघतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे, ते कार्ड पूर्ण भरून वाचून बघतं. नवीन कार्डावर ते एकदा चालवा.

मग तुमच्या लॅपटॉपवर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ टाका. बोर्ड निवडा, रास्पबेरी पाय ओएस (या बोर्डांसाठीचं लिनक्स) निवडा, कार्ड निवडा. लिहायला सुरुवात करण्याआधी तो सेटिंग्ज विचारतो, तिथे ‘नको’ म्हणू नका. बोर्डाचं नाव, तुमचं युजरनेम आणि पासवर्ड, वायफाय, आणि एसएसएच चालू, हे सगळं तिथेच भरा. म्हणजे बोर्डाला स्क्रीन-कीबोर्ड न लावताही लॅपटॉपवरून त्यात शिरता येतं.

जुन्या व्हिडिओंमध्ये युजर ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ सांगतात. ते एप्रिल २०२२ पासून बंद झालंय. बोर्डाच्या सेटिंग्जची कॉन्फिग फाइलही पूर्वी ‘बूट’ फोल्डरात होती. २०२३च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती ‘बूट’च्या आतल्या ‘फर्मवेअर’मध्ये गेली. व्हिडिओ बघताना त्याची तारीख आधी बघायची सवय लावा.

वायफायचंही एक. लोखंडी कपाटात बोर्ड ठेवून दार लावलं की सिग्नल मरतो. माझा राउटर त्याच कपाटात होता म्हणून मी सरळ लॅनची वायर लावली.

पिना मोजणं आणि पहिली एलईडी

बोर्डावर ४० पिना आहेत, २०च्या दोन ओळी. यूएसबीची तोंडं तुमच्याकडे आणि पिना उजव्या हाताला येतील असं बोर्ड धरा. आता वरून पहिली जोडी: आतली १, बाहेरची २. त्याखाली आतली ३, बाहेरची ४. म्हणजे आतल्या ओळीत विषम, बाहेरच्या ओळीत सम. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘पिनआउट’ ही कमांड दिली की याचं अक्षरांतलं चित्र समोर येतं. त्याचा प्रिंट काढून भिंतीला चिकटवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची, तिच्या शेजारची २ नंबरची ५ व्होल्टची. या दोन एकमेकींना टेकल्या की खेळ खलास. आणि बाकीच्या सिग्नलच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सहन करतात. आर्डुइनो उनोवर ५ व्होल्टची सवय झालेला हात इथे हमखास चुकतो. उदाहरणार्थ अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो, त्याच्यामध्ये १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून तो ३.३वर आणावा लागतो.

माझं पहिलं बोर्ड मात्र अशा कुठल्या तांत्रिक चुकीने गेलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी लोखंडी पट्टी ग्राइंडरवर घासत होतो आणि बोर्ड उघडं, चालू. कीस उडून पिनांवर बसला. आवाज नाही, धूर नाही, फक्त लाल दिवा विझला. भिंग लावून पाहिलं तर १ आणि २च्या मध्ये केसाएवढी चकाकती काडी. घरच्या टेबलावर काम करणाऱ्यांपेक्षा वर्कशॉपवाल्यांचा हा वेगळा धोका आहे. बोर्डाला पहिल्या दिवसापासून डबी घ्या, आणि डबीच्या भोकांना आतून बारीक जाळी लावा.

एलईडी लावताना बोर्ड बंद करून वीज काढा. दर वेळी. १ नंबरची पिन ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीला, ६ नंबरची निळ्या पट्टीला. ६ म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्टची परतीची वाट. ११ नंबरच्या पिनेतून वायर काढून ३३० ओहमच्या रेझिस्टरला (नारंगी, नारंगी, तपकिरी), रेझिस्टरचं दुसरं टोक एलईडीच्या लांब पायाला, आणि आखूड पाय निळ्या पट्टीला. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खाते. उरलेले १.३ व्होल्ट ३३० ओहमवर, म्हणजे ४ मिलीअँपिअर. एका पिनेकडून १६ मिलीअँपिअरपेक्षा जास्त कधीच मागू नये, त्यामुळे आपण आरामात आहोत. रेझिस्टर न लावताही एलईडी लागते, छान लखलखते, आणि पिनेचं आयुष्य खाते.

प्रोग्रॅमसाठी थॉनी हे पायथन लिहायचं साधन उघडा. जीपीआयओ-झिरो नावाची लायब्ररी आधीच असते. तिच्यातली ‘एलईडी’ बोलवायची, तिला नंबर द्यायचा, आणि ‘ब्लिंक’ म्हणायचं. एवढ्या तीन ओळी. पण नंबर कुठला? इथे पहिली ठेच लागते. वायर आपण ११ नंबरच्या पिनेला लावली, पण प्रोग्रॅमला सांगायचं १७. कारण ११ हा पिनेचा जागेवरचा क्रमांक, आणि १७ हे तिचं जीपीआयओ नाव, म्हणजे प्रोग्रॅम तिला ज्या नावाने ओळखतो ते. एखाद्या घराचा चाळीतला नंबर वेगळा आणि रेशनकार्डावरचा वेगळा असावा, तसं. पिनआउटच्या चित्रात दोन्ही असतात.

जुन्या लेखांत ‘आरपीआय डॉट जीपीआयओ’ लायब्ररी दिसेल. रास्पबेरी पाय ५वर ती चालत नाही, कारण तिथे पिना एका वेगळ्या चिपमागे गेल्या आहेत. जीपीआयओ-झिरो दोन्हीकडे चालते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करा.

तापमान वाचणं

डीएस१८बी२०ला तीन वायरी. सहसा लाल म्हणजे पुरवठा, काळी म्हणजे ग्राउंड, पिवळी म्हणजे डेटा. ‘सहसा’ म्हणतोय, कारण रंग बदललेले सेन्सरही मिळतात. जोडल्यावर दोन सेकंदांनी स्टीलची टोपी बोटांनी चाचपा. चटका बसला तर उलटं जोडलंय, लगेच वीज काढा.

लाल वायर लाल पट्टीला, म्हणजे ३.३ व्होल्टला, काळी निळ्या पट्टीला, पिवळी ७ नंबरच्या पिनेला. ७ म्हणजे जीपीआयओ ४. आणि पिवळ्या व लाल वायरीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल). तो कशाला? सेन्सर बोलताना डेटाची वायर फक्त खाली ओढू शकतो, परत वर न्यायचं काम हा रेझिस्टर करतो. तो विसरला की सेन्सर दिसतच नाही, आणि आपण तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

मग रास्पबेरी पाय कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन ‘इंटरफेसेस’खाली ‘१-वायर’ चालू करा आणि रीस्टार्ट करा. आता सिस्टिमच्या फोल्डरांत, १-वायरच्या उपकरणांच्या यादीत, २८ने सुरू होणारं एक लांबलचक नाव दिसेल. तो तुमच्या सेन्सरचा जन्मजात क्रमांक, दुसऱ्या कुठल्याही सेन्सरचा नसलेला. म्हणूनच एकाच वायरीवर पाच सेन्सर लावता येतात. त्या फोल्डरातल्या फाइलमध्ये दोन ओळी असतात. पहिलीच्या शेवटी ‘येस’ असेल तर वाचन शाबूत आहे. दुसरीच्या शेवटी तापमान, पण हजारपट करून: ३१२५० म्हणजे ३१.२५ अंश.

एक आकडा डोक्यात ठेवा: ८५. या सेन्सरला वीज मिळाल्यावर मोजणी होण्याआधी तो ८५ हाच आकडा धरून बसलेला असतो. ४१, ४१, ४२, ८५, ४२ अशी नोंद दिसली तर कपाट पेटलेलं नाही. सेन्सरची वीज क्षणभर तुटली होती. कुठली तरी वायर ब्रेडबोर्डमध्ये सैल आहे. प्रोग्रॅममध्ये ८५ आलं की ते सोडून पुन्हा वाचायचं, आणि दुपारी वायरी तपासायच्या.

पंखा जोडणं

पंखा १२ व्होल्टचा, १५०-२०० मिलीअँपिअर ओढणारा. बोर्डाची पिन १६ मिलीअँपिअरची. मध्ये कुणीतरी दणकट हवा, तो म्हणजे यूएलएन२००३. तिच्यात सात स्विच असतात, प्रत्येक ५०० मिलीअँपिअरपर्यंतचा, आणि ३.३ व्होल्टचा सिग्नल तिला पुरतो. दुकानात आयआरएफझेड४४एन नावाचा मॉस्फेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर) ‘हाच सगळे नेतात’ म्हणून देतील. तो ३.३ व्होल्टवर धड उघडत नाही, अर्धवट उघडून तापतो. तो नको.

आयसीच्या एका टोकाला खाच असते. खाच वर धरली की डावीकडची सगळ्यात वरची पिन १, आणि तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत उजवीकडची सगळ्यात वरची १६. आता जोडणी: एलईडीची वायर काढा आणि बोर्डाची तीच ११ नंबरची पिन आयसीच्या १ला. आयसीची ८ निळ्या पट्टीला. १२ व्होल्टच्या अडॅप्टरचं ऋण टोकही त्याच निळ्या पट्टीला. हे राहिलं तर पंखा फिरणार नाही, कारण दोघांचं ग्राउंड एक नसेल तर सिग्नलला परतीची वाटच नाही. पंख्याची लाल वायर अडॅप्टरच्या धन टोकाला, काळी आयसीच्या १६ला. आणि आयसीची ९ अडॅप्टरच्या धन टोकाला.

ती ९ नंबरची पिन बरेच जण सोडून देतात, कारण तिच्याशिवायही पंखा फिरतो. पण पंख्यात गुंडाळी असते, आणि बंद होताना गुंडाळी उलट व्होल्टेजचा झटका मारते. आयसीच्या आतले डायोड तो झटका ९मधून परत वळवतात. ती मोकळी ठेवली तर आज काही होणार नाही, पण एक दिवस आयसी जाईल.

१२ व्होल्टची वायर ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीच्या जवळही येऊ देऊ नका. मी तिला वेगळं टर्मिनल लावलं आणि वर पिवळी टेप गुंडाळली.

प्रोग्रॅममधला विचार सोपा: ४६ अंशांच्या वर गेलं की पंखा लाव, ४३च्या खाली आलं की बंद कर, मधल्या तीन अंशांत जे चालू आहे ते चालू दे. एकच आकडा ठेवला तर काटा ४५.९ आणि ४६.१मध्ये नाचतो आणि पंखा दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो. फ्रिजच्या थर्मोस्टॅटमध्येही हीच फट ठेवलेली असते.

आकडे ठरवताना मी आधी गाढवपणा केला. ३८ला बंद असं ठेवलं. एप्रिलमध्ये खोलीच ४०वर असते. ४०ची हवा आत ओढून कपाट ३८ला कसं येणार? पंखा दिवसभर फिरत राहिला. तुमचे आकडे तुमच्या खोलीच्या भर उन्हाळ्यातल्या तापमानाच्या वर ठेवा. आणि सेन्सर वाचताच येत नसेल तर प्रोग्रॅमने पंखा लावावा, बंद करू नये. काही कळत नाहीये तेव्हा गार असलेलं बरं.

२३० व्होल्टचं काय?

‘पंखा झाला, आता गच्चीवरच्या टाकीची मोटर’, हा पुढचा प्रश्न ठरलेला. निळ्या रिलेचं (सिग्नलने चालणाऱ्या स्विचचं) तयार बोर्ड मिळतं, त्यावर १० अँपिअर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि एक एचपीची मोटर चालताना त्यापेक्षा कमीच ओढते. पण सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट ओढते. त्या धक्क्याने रिलेच्या आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. मग प्रोग्रॅम ‘बंद’ म्हणत राहतो, मोटर चालत राहते आणि टाकी वाहत राहते.

रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या जड कामाच्या दणकट रिलेची) कॉइल चालवावी, मोटर कॉन्टॅक्टरने. टाकीतला फ्लोट स्विच काढू नये. बोर्ड बंद पडलं तरी मोटर थांबवणारं काहीतरी संगणकाच्या बाहेर हवंच. आणि हे काम एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगसकट वायरमनच्या हातून करून घ्या. ब्रेडबोर्डवर २३० व्होल्ट कधीही नाही, अगदी ‘दोन मिनिटं बघतो’ म्हणूनसुद्धा नाही.

चालू ठेवणं

टेबलावर चाललं म्हणजे झालं नाही. ब्रेडबोर्डच्या वायरी पंख्याच्या थरथरीने महिन्याभरात सुटतात. सगळं जमल्यावर तेच सर्किट छिद्रांच्या बोर्डावर डाख देऊन पक्कं करा, वायरींना स्क्रूचे टर्मिनल लावा. पहिले चार डाख गोळ्यागोळ्यांचे येतील. चांगला डाख चकचकीत आणि पिनेला बिलगलेला, देवळाच्या शिखरासारखा उतरता दिसतो.

वीज गेली की प्रोग्रॅम परत आपोआप सुरू व्हायला हवा. त्यासाठी लिनक्समध्ये सिस्टिमडी आहे. त्याला एक छोटी फाइल लिहून द्यायची: हा प्रोग्रॅम सुरुवातीलाच चालव, आणि मेला तर पुन्हा चालव. दुसरा भाग विसरू नका. प्रोग्रॅम मेला की पिन सुटते आणि पंखा थांबतो.

वीज खेचून बोर्ड बंद करण्याची सवय लावू नका. नेमकं त्याच क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर फाइल तुटते. नीट ‘शटडाउन’ म्हणा, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत थांबा, मग वीज काढा. स्क्रीन नसेल तर ५ आणि ६ नंबरच्या पिनांमध्ये एक पुशबटण लावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’ची ओळ टाका. बटण दाबलं की बोर्ड व्यवस्थित बंद होतं, पुन्हा दाबलं की सुरू.

पण लाइट गेली तर ती बटण दाबून जात नाही. म्हणून कार्डावर लिहिणंच कमी करा. मी आधी दर सेकंदाला तापमान लिहीत होतो, कशासाठी ते मलाच माहीत नाही. आता वाचतो दहा सेकंदांनी आणि लिहितो पाच मिनिटांनी, तेही पेनड्राइव्हवर. मग मेनूतली ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू केली, म्हणजे मुख्य कार्डावर काहीच लिहिलं जात नाही. तेव्हापासून कार्ड गेलेलं नाही. हे सगळ्यात शेवटी करा, कारण त्यानंतर प्रोग्रॅममध्ये केलेला बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो आणि माणूस वेडा व्हायची वेळ येते.

रास्पबेरी पाय ४मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो वेळ इंटरनेटवरून घेतो. लाइट गेली आणि परत आल्यावर नेट लगेच आलं नाही, तर तो बंद पडला तेव्हाची वेळच पुढे रेटतो. नोंदीत दुपारचे ३ दोनदा वाजलेले दिसले तर हे कारण. डीएस३२३१चं घड्याळाचं बोर्ड लावलं की हा प्रश्न सुटतो.

महिन्याभराच्या नोंदी झाल्यावर मी आलेख काढला. दुपारचा डोंगर अपेक्षित होता. पण रात्री साडेदहानंतर रोज एक टेकाड दिसत होतं, पहाटेपर्यंत पसरलेलं, आणि तेव्हा तर गच्चीवर छान गार वारं असतं. तीन रात्री वर जाऊन बघितलं. ड्रिलच्या बॅटऱ्या मी झोपण्यापूर्वी चार्जिंगला लावत होतो, आणि त्यातली एक जुनी बॅटरी पूर्ण भरतच नव्हती, चार्जर रात्रभर तिला रेटत बसायचा. हात लावला तर कोमट नव्हे, चांगली गरम. ती काढून टाकली. आता रात्री पंखा लागत नाही.